आर्ट फेअरला एक संध्याकाळ काढायचीय, मागावरच्या माणसानं तिथं काय बघावं?

पंचिंगवाला

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाईनला आहे, म्हणजे कम्प्युटरवर नक्षी बसवायची आणि ती जकार्डवर, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या मागावर, नीट उतरतेय का ते बघायचं. माझा आत्तेभाऊ मुंबईत असतो, त्याला ऑफिसातून आर्ट मुंबईचे दोन पास मिळालेत, ते महालक्ष्मी रेसकोर्सवर नोव्हेंबरात भरतं ते. शनिवारचे आहेत. म्हणतोय तू ये, तुला त्यातलं कळतं. आता मला काय कळतं हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे, पण जायची इच्छा आहे खरी. जाताना सकाळची वंदे भारत आणि येताना रात्रीची सिद्धेश्वर, एवढं ठरलंय.

घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले घ्यायचं काही नाही तर आत कशाला सोडतील तुला. आई म्हणाली जाऊ दे त्याला, पण चांगला शर्ट घालून जा.

तर विचारायचं असं की तिथं किंमत विचारली तर चालतं का, की विचारली म्हणजे घ्यायची तयारी आहे असं धरतात? फोटो काढू देतात का? तीन-चार तास नुसती चित्रं बघून डोकं भणभणतं का? आणि मेन म्हणजे तिथं कापडाची, धाग्याची कामं पण असतात असं ऐकलंय, त्यात कोणाकोणाचं बघावं? आजोबांचा हातमाग घरी अजून उभा आहे, त्याच्यावर सुट्टीच्या दिवशी मी काही तुकडे विणलेत, डिझाईन माझंच, विकायचे वगैरे नाहीत पण दाखवायला न्यावेत का असं डोक्यात आहे. हसू नका.

खडू_डस्टर

हसायचं काय त्यात बाळा. मी बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोरं बसवली, आणि पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीतल्या, पोरांचं डिझाईन बघून मलाच कधी कधी लाजायला व्हायचं, कारण त्यांना चौकटीत नक्षी रिपीट कशी होते ते सांगावंच लागायचं नाही, घरात माग बघूनच मोठी झालेली ती.

तुला एक गोष्ट सांगतो जी आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक आहे. प्रभाकर बरवे, आज ज्यांचं चित्र लिलावात निघालं की मोठमोठे लोक सरसावून बसतात, ते पोटापाण्यासाठी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात, नोकरी करत होते. आधी बनारसला, मग मुंबईला, 1982 पर्यंत. विणकरांना नवी डिझाईनं देणं हे त्यांचं रोजचं काम. के. जी. सुब्रमण्यन तिथंच होते काही काळ, जोगेन चौधरी मद्रासच्या केंद्रात होते. म्हणजे या देशातली मॉडर्न चित्रकला अर्धी मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात आणि शांतिनिकेतनात घडली असेल तर थोडीफार मागाच्या शेजारच्या टेबलावर पण घडलीय. बरव्यांचं चित्र दिसलं तर थांबून बघ. पान, घड्याळ, शंख अशा साध्या वस्तू सुट्या सुट्या मांडलेल्या असतात आणि मधली जागा मोकळी. ती मोकळी जागा कशी सोडलीय ते तुझ्यासारख्या माणसाला लगेच दिसेल, ग्राउंड आणि मोटिफ, म्हणजे मोकळी जमीन आणि नक्षी, हा तुझाच धंदा आहे.

हुसेन तर आपल्या जिल्ह्यातलेच, पंढरपूरला जन्म, 1915 चा. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं. फेअरमध्ये त्यांचं काहीतरी असतंच. पण तिथं गर्दी करू नकोस, ते पुस्तकात पण बघता येतं. तरुण लोकांचं बघ, जे पुस्तकात यायला अजून वेळ आहे.

पूर्व_भाग_एक्सप्रेस

जालालास तर जा की बे, इथं विचारत काय बसलालास. पण डोळे उघडे ठेवून जा. हुसेनचं ते ग्रामयात्रा म्हणून चित्र मार्च 2025 ला न्यूयॉर्कमध्ये 118 कोटीला गेलं, पेपरात आलं होतं मोठ्ठं. 118 कोटी! आपल्या इथल्या एका कारखान्याची जागा, मशिनरी, सगळं विकलं तरी होणार नाही. आणि त्यातलं चित्र काढणाऱ्याच्या घरी किती गेलं? हा सगळा पैसेवाल्यांचा खेळ आहे, एकानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

आणि ते कापडाचं म्हणशील तर माझा अनुभव सांगतो. एकदा एका आर्टिस्टचं काम आमच्या ओळखीच्या विणकराकडं आलं होतं, पुठ्ठ्यावर काढलेलं डिझाईन, मोठ्या साईजचं. म्हाताऱ्यानं रंग बदलून बदलून, धागे तोडून जोडून ते विणलं, मजुरी मिळाली, मजुरी बरी होती ते खोटं बोलणार नाही. नंतर कुठंतरी ते काम लागलं, त्याचा फोटो एकानं पाठवला, खाली पाटीवर आर्टिस्टचं नाव, मोठं. विणणाऱ्याचं नाव कुठंच नाही. म्हाताऱ्याला फोटो दाखवला तर म्हणाला लाइट चांगली मारलीय. बस. तर तिथं गेल्यावर पाट्या वाच आणि विणणाऱ्याचं नाव किती ठिकाणी दिसतं ते सांग मला.

कुलाबा_टू_कुर्डुवाडी

मी मूळची सोलापूरची, शाळा सेवासदन, आता मुंबईत एका गॅलरीत कामाला आहे आणि फेअरला चार दिवस बूथवर उभी असते, तर आतली बाजू सांगते.

पहिलं, दादा, किंमत बिनधास्त विचार. फेअर म्हणजे दुकानंच आहेत, प्रत्येक गॅलरी जागेचं भाडं भरून बूथ घेते आणि ते भाडं, ट्रान्सपोर्ट, इन्शुरन्स, भिंती रंगवणं हे सगळं त्या चार दिवसांत वसूल व्हावं अशी आशा असते. भिंतीवर किंमत लिहिलेली नसते कारण तशी पद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा दबदबा राहावा म्हणून पण. टेबलावर लिस्ट असते किंवा आमच्या टॅबमध्ये असते. "याची किंमत काय आहे" एवढंच विचारायचं. आम्ही सांगतो. तू "बरं" म्हणायचं आणि पुढं जायचं, कोणी मागं लागत नाही. उलट दिवसभर नुसतं "वॉशरूम कुठंय" हे सांगून कंटाळलेलो असतो, कोणी कामाबद्दल विचारलं तर बरं वाटतं.

पाटीशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं. अर्धी टिकली किंवा वेगळ्या रंगाची असली तर बहुतेक कोणीतरी धरून ठेवलंय. आर्ट मुंबईचा पहिला दिवस गुरुवार, तो बोलावलेल्या लोकांचा असतो, मोठी खरेदी त्याच दिवशी होते, काही वेळा तर त्याच्या आधीच गिऱ्हाइकाला पाठवलेल्या पीडीएफवर झालेली असते. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी जे येतात ते बघणारे असतात. मला तो दिवस जास्त आवडतो. कॉलेजची पोरं, कोणीतरी आजीला घेऊन आलेलं, आर्किटेक्ट लोक भिंतीचा जॉइंट बघत असतात.

118 कोटीवाल्या दादांसाठी: ते लिलावाचं झालं, फेअरचं गणित वेगळं आहे. फेअरमध्ये बरीच कामं पहिल्यांदा विकली जातात, थेट स्टुडिओतून आलेली, आणि त्यात साधारण निम्मे आर्टिस्टचे निम्मे गॅलरीचे असा हिशोब चालतो. लिलावात चित्र आधीच कोणाच्या तरी मालकीचं असतं, त्यामुळं पैसे त्या मालकाला. ग्रामयात्रा तर ऑस्लोच्या एका हॉस्पिटलकडं होतं, कितीतरी वर्षं तिथंच भिंतीवर. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 53 अ आहे, दहा हजाराच्या वर परत विक्री झाली तर आर्टिस्टला किंवा वारसाला हिस्सा मिळण्याबद्दल, पण कागदावरच जास्त आहे ते.

जीएसटीचं पण सांगते कारण कोणीतरी विचारतंच, चित्रांवर आधी 12 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 5 झालाय. आणि काहीतरी घ्यायचंच असेल, खिशाला झेपेल असं, तर प्रिंट बघ. एचिंग (धातूच्या प्लेटवरून), वुडकट (लाकडावरून), सेरिग्राफ (जाळीच्या पडद्यातून छापलेलं), खाली पेन्सिलनं 7/25 असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीसपैकी सातवा. पोस्टर वेगळं आणि हे वेगळं, यात प्लेट किंवा लाकूड आर्टिस्टनं स्वतः कोरलेलं असतं (सेरिग्राफमध्ये बरेचदा दुसऱ्यानं छापलेलं असतं, तेवढं विचारून घे).

फोटो काढता येतात, फ्लॅश नको. कपडे काहीही, पण बूट चांगले घाल, चालून चालून पाय जातात. शर्टाचं आईंनी सांगितलंय ते ऐक.

पंचिंगवाला

ताई लै उपकार. पण तुकड्यांचं सांगितलं नाही तुम्ही. आणि पूर्व भागवाल्या अण्णांनी विचारलंय त्याचं पण, विणणाऱ्याच्या नावाचं.

कुलाबा_टू_कुर्डुवाडी

मुद्दाम टाळलं, कारण एका ओळीत होणारं नाही ते.

अण्णांचं म्हणणं खरं आहे. पाटीवर आर्टिस्टचं नाव, कामाचं नाव, साल, मटेरियल आणि माप एवढं असतं. "कॉटन, हातमाग" असं लिहिलेलं असलं तरी हात कोणाचे ते बरेचदा नसतं. काही आर्टिस्ट आवर्जून लिहितात, कॅटलॉगमध्ये तरी, काही लिहीत नाहीत. ब्राँझ ओतणाऱ्या फाउंड्रीचं, फ्रेमवाल्याचं, प्रिंटरचं पण तसंच. गॅलरीवाले म्हणतात कल्पना कोणाची ते महत्त्वाचं. मला स्वतःला हे पटत नाही, विणताना जे निर्णय घ्यावे लागतात ते डिझाईनच्या कागदावर नसतातच, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण मग अण्णा, एक विचारू का, राग मानू नका. सोलापुरी चादरीला जीआय आहे (म्हणजे हे नाव फक्त इथल्याच मालाला लावता येतं), टॉवेलला आहे, पानिपतच्या मालावर सोलापुरी म्हणून लेबल लावतात म्हणून आपण ओरडतो ते बरोबरच. पण आपल्या चादरीच्या लेबलवर कारखान्याचं नाव असतं, विणणाऱ्याचं कधी बघितलंय का तुम्ही?

पूर्व_भाग_एक्सप्रेस

नाही बघितलं.

पण चादर लाखाला विकत नाही आम्ही.

कुलाबा_टू_कुर्डुवाडी

हे मात्र मान्य.

खडू_डस्टर

दोघंही थांबा जरा, पोराला कोणाचं बघावं ते राहूनच गेलं.

मोनिका कोरिया हे नाव लक्षात ठेव, मुंबईच्या विणकर. त्यांनी मागाची फणी, म्हणजे ताण्याचे उभे धागे जागच्या जागी ठेवते ती, अशी करून घेतली की विणता विणता मध्येच काढता येते. आता फणी काढली की काय होतं ते तुला माहिती आहे, ताणा सरळ राहत नाही, धागे वाटेल तसे सरकतात. आपण त्याला खराब माल म्हणून बाजूला टाकतो, त्यांनी तेच चित्र केलं, झाडाच्या सालीसारखं, पाण्यासारखं. चित्रकाराला ते बघून सुंदर वाटतं, तुला मात्र घाम फुटेल, ती मजा तुझ्यासारख्यालाच.

मृणालिनी मुखर्जी, 2015 ला गेल्या. तागाच्या दोरीला हातानं गाठी मारून माणसाएवढी शिल्पं, देवतेसारखी दिसतात, विणकाम नाही ते, माग नाहीच. त्यांचं काम फेअरला असेलच असं नाही पण असलं तर चुकवू नको. आणि बंगळूरच्या शीला गौडा, त्यांनी देवळात अर्पण केलेल्या केसांच्या दोऱ्या वळून त्यात गाड्यांचे बंपर अडकवलेत, 2009 चं काम, ते लंडनच्या टेट म्युझियमकडं आहे. आपल्याकडं नवीन गाडीला नजर लागू नये म्हणून केसांची दोरी बांधतात ना, तेच. ते मुंबईत दिसणार नाही पण जाण्याआधी फोटो बघून ठेव, म्हणजे धाग्याचं काम बघताना "हे कशाचं केलंय" हा प्रश्न तुला आपोआप पडेल.

हुरडा_पार्टी

मी गेलतो गेल्या खेपेला, ज्ञान नाही माझ्याकडं, पण संध्याकाळ कशी जाते ते सांगतो.

वंदे भारतनं दादरला उतर, सीएसएमटीपर्यंत जाऊ नको. दादरवरनं वेस्टर्नची स्लो पकडायची, फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही, प्रभादेवी, लोअर परळ आणि तिसरं महालक्ष्मी. स्टेशनच्या पुलावरनं धोबीघाट दिसतो, तिथं दोन मिनिटं थांब, दोरीवर शेकडो टॉवेल वाळत असतात पांढरे, हॉटेलांचे नि हॉस्पिटलांचे, मी तर कोणाचा जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, किती ते बघत उभा होतो. मित्र म्हणाला चल रे, प्रदर्शन पुढं आहे.

आत गेल्या गेल्या गडबडून जातो माणूस. मोठे तंबू, एसी, पांढऱ्या भिंती, आणि गल्ल्याच गल्ल्या. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत जसं पहिली चक्कर नुसती मारायची, कुठं काय लागलंय ते बघायचं, आणि मग दुसऱ्या चकरेला थांबायचं, तसंच कर. मी पहिल्याच तीन बूथवर प्रत्येक पाटी वाचत बसलो असतो तर तिथंच संपलो असतो. पहिल्या चकरेत पाय जिथं आपोआप थांबतो तेवढीच नावं मोबाईलमध्ये टाकून ठेवायची.

एका बूथवर एक बाई एका काळ्या चौकोनासमोर उभी होती, नुसता काळा, मी पण उभा राहिलो, म्हटलं बघू काय दिसतंय. काही दिसलं नाही. दोन पावलं बाजूला सरकलो तर काळ्यात काळंच काहीतरी विणल्यासारखं, लाइट तिरका पडला की उठून दिसत होतं. आपण डॅमास्क विणतो तेव्हा एकाच रंगात सॅटिनची उलटसुलट नक्षी उठते ना, तसं. त्या बाईला हे सांगितलं मी, माझ्या हिंदीत. तिला डॅमास्क ठाऊक नव्हतं, मग मीच पाच मिनिटं समजावलं, बूथवालीपण ऐकायला आली. किंमत विचारायचं राहूनच गेलं.

बाहेर लॉनवर शिल्पं असतात, तिकडं अंधार पडायच्या आधी जा, नोव्हेंबरात सहालाच उजेड जातो. टॉक्स असतात, इंग्रजीत, एक ऐकला, अर्धा डोक्यावरनं गेला पण एक कलेक्टर बोलत होता की त्यानं पहिलं चित्र हप्त्यावर घेतलेलं, ते ऐकून बरं वाटलं. खायला आत महाग आहे, फार महाग, कॉफीचा आकडा सांगत नाही. बॅगेत शेंगाचटणी-भाकरी होती आमच्या पण तंबूत सोडायची हिंमत झाली नाही, दादरला प्लॅटफॉर्मवर बसून खाल्ली. बंद व्हायची वेळ तिकिटावर बघून घे, रात्री उशिरापर्यंत नसतं, आणि सिद्धेश्वरला तसा वेळ भरपूर मिळतो.

आणि पास नसता तरी मुंबईत बघायला फुकट पण लै आहे रे. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, 1952 पासून आहे ती. काळा घोडा कलामहोत्सव फेब्रुवारीत रस्त्यावरच भरतं. कुलाबा-फोर्टच्या गॅलऱ्यांत दार ढकलून आत जायचं, कोणी काही विचारत नाही, फक्त रविवारी बऱ्याच बंद असतात.

कुलाबा_टू_कुर्डुवाडी

डॅमास्क समजावणारे तुम्ही होता का!! आमच्या शेजारच्या बूथवर झालं होतं असं काहीतरी, त्या मुलीनं सांगितलं होतं मला.

असो. तुकड्यांचं. पंचिंगवाला, फेअरला घेऊन येऊ नकोस. वाईट वाटून घेऊ नको, पण त्या चार दिवसांत बूथवरचा माणूस विकायला उभा असतो, त्याचा एक डोळा गिऱ्हाइकाकडे असतो, तू पिशवीतनं कापड काढलंस तर तो "वा छान" म्हणेल आणि विसरून जाईल, आणि काहीजण तर बघणार पण नाहीत. त्याऐवजी ज्या गॅलरीकडं धाग्याची कामं दिसतील त्यांचं नाव लिहून घे, कार्ड घे, आणि फेअर संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मेल कर. पाच-सहा फोटोच. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, उजेड एका बाजूनं येऊ दे म्हणजे वीण दिसते. एक फोटो पूर्ण तुकड्याचा, सरळ, कडा दिसतील असा. एक अगदी जवळनं. एक मागच्या बाजूचा. खाली माप, सूत कुठलं, साल. किंमत लिहू नको. आणि चार ओळींत तू कोण ते, कारखान्यात काय करतोस ते साधं लिही, आर्टिस्टसारखं लिहायला जाऊ नको.

उत्तर येईलच असं नाही. आम्हाला असे मेल रोज येतात. पण कापडाचं कळणारे मेल फार कमी येतात.

पंचिंगवाला

ताई मागच्या बाजूचा कशाला? तिथं तर सगळे धागे लोंबकळत असतात माझे, कापलेले पण नाहीत.

कुलाबा_टू_कुर्डुवाडी

कापू नको! म्हणूनच तर. समोरनं बघून नक्षी छापलीय, भरतकाम केलंय की मागावर उठवलीय हे आमच्यापैकी निम्म्यांना सांगता येत नाही, मागच्या बाजूला लगेच कळतं. रंग कुठं बदलला, धागा किती लांब मोकळा सोडला, कुठं नवीन जोडला, सगळं तिथं असतं. माझी बॉस कापडाचं काम आलं की पहिलं उलटं करून बघते.

पूर्व_भाग_एक्सप्रेस

हे बरोबर बोलल्या. आमचा म्हातारा पण पहिलं उलटंच करून बघायचा, दुसऱ्याच्या कारखान्याचा माल असला की तर हमखास.

ए पंचिंग, ते पाट्यांचं विसरू नको, मोजून ये. आणि मेलमध्ये माग कोणाचा ते लिही आजोबांचं नाव घालून, त्याला काही पैसे पडत नाहीत.